काचेआडची टोपली

एका काकूंच्या घरी एक काचेचे कपाट होते आणि घरातल्या सगळ्या चांगल्या वस्तू त्यात नजरकैदेत होत्या. "जपून हं!" हे त्यांचे पालुपद. त्यावरून अख्खी इमारत त्यांना जपूनकाकू म्हणायची. रविवारी कपाट पुसताना नेमका त्यांच्याच नवऱ्याचा कोपर लागला आणि वेताची टोपली खाली पडली. वीस वर्षांत वेत वाळून ठिसूळ झाला होता. काठ कडकन मोडला.

टोपली काकूंना त्यांच्या आईने लग्नात दिलेली. आई आता नव्हती.

"दुसरी आणू की," नवरा चाचरत म्हणाला. काकूंनी नुसते त्याच्याकडे पाहिले, तेव्हा तो गुपचूप पसारा आवरू लागला.

दुसऱ्या दिवशी त्या आईच्या ठरलेल्या हस्तकलेच्या दुकानात गेल्या. फळ्यांवर आता साच्यातल्या फुलदाण्याच जास्त होत्या. कोपऱ्यात स्टुलावर टोपल्या विणणारी आजी बसली होती. तिने टोपली मांडीवर घेऊन बूड चाचपले.

"माझ्याच हातची आहे. कधी वापरली नाहीस का गं?"

"छे! वीस वर्षं काचेत जपली," काकू जरा तोऱ्यातच म्हणाल्या.

"म्हणूनच वीस वर्षं फिरकली नाहीस."

काकूंना काही उमगेना. आजी शांतपणे सांगू लागली.

"यातून भाजी आणली असतीस, तर चार-पाच वर्षांत काठ सुटला असता. तू दुरुस्तीला आली असतीस. असे मोडके काठ बांधतच मी आईकडून शिकले. लेकीलाही तसंच शिकवणार होते, पण कुणी काही आणलंच नाही. सगळ्यांनी जपल्या. लेक आता कारखान्यात खोकी भरते. तिला तरी काय बोलू?"

"मग तुम्हीच बांधून द्या ना. लागेल तेवढा वेळ घ्या."

आजीने वेत भिजवला आणि काठात ओवला. बोटांना वळण आठवत होते, पण बोटे वाकत नव्हती. तीनदा वेत निसटला. काकूंनी हात लावून पाहिला, तर बोटात कुसळ घुसले. आजीने वेत खाली ठेवला.

"नाही गं होत आता."

करण्यासारखे काही उरलेच नव्हते.

"आईनं देताना काय सांगितलं होतं?" आजीने विचारले.

"बाजारात नेत जा, म्हणाली होती," काकू म्हणाल्या आणि त्यांना रडू आवरेना.

काठाला सुतळी गुंडाळून त्यांनी परतताना टोपलीतून बटाटे आणले. घरी येऊन कपाट रिकामे केले. नवऱ्याने बटाटे धुवायला घेतले.

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या घरात एक जपूनकाकू असतेच. हाताने घडवलेली वस्तू वापरा, झिजवा, मोडली की घडवणाऱ्याकडे न्या. तिच्या झिजण्यावरच ते हात चालतात. काकूंना हे पटले, पण आजीची बोटे काही त्यामुळे वाकली नाहीत.