पुंगळीवरचा पोचा

तिसरी स्प्रिंग चिमट्यातून निसटली आणि टेबलाच्या कडेला जाऊन थांबली — वाटाण्याएवढी, दोन्ही टोकं बाहेर काढलेली, एखादा किडा पाय ताणून पडावा तशी.

“मऊ घे गं, मऊ!” अदेल्मोकाका बाबांच्या रिमोटवर धावणाऱ्या छोट्या रेसगाडीवर वाकलेले. “तुझा बाबा एर्मेस नेहमी मऊच लावायचा. क्लच लवकर धरतो, गाडी लोण्यासारखी सुटते. कडक लावलीस तर इंजिन आधी नुसतंच किंचाळेल आणि मग एकदम लाथ घालेल.”

“माहीत आहे.”

माहीत आहे... कडक स्प्रिंग बराच वेळ आवरून धरते. जेवताना बाबा असेच गप्प असायचे — सूप संपेपर्यंत, पाव मोडून होईपर्यंत, आई काहीतरी साधं विचारेपर्यंत...

ते गेले तेव्हा ही हातभर लांबीची गाडी उघडीच पडली होती. अर्ध्या तासाने त्यांच्या आठवणीत ट्रॅकवर ती एकटी एक फेरी मारणार. मंडळी टोप्या काढून उभी राहणार. क्लच आणि सायलेन्सर कुठला, ते मुलीने ठरवायचं.

“ही सायलेन्सरची नवी पुंगळी ठेव बाजूला,” काका म्हणाले. “पोचा पडलेलीच लाव, नीवेस. रिमिनीच्या शर्यतीत गाडी उलटली, पोचा पडला, तरी पठ्ठ्या जिंकला! लोक तो पोचाच बघायला आलेत.”

रिमिनीला नाही. स्वयंपाकघरात, बाबांच्या हातात. आवाज अगदी लहान झाला होता, कपाचा कान तुटावा तेवढा. आई ओट्याला धरून हळूहळू खाली बसली. बाबांनी आधी पोच्यावरून अंगठा फिरवला. मग फडकं गार पाण्यात पिळून आईचा डोळा पुसला — काय हलका हात होता त्यांचा! या स्प्रिंगा बसवणारा हात. नीवेस दारात उभी होती आणि त्या हाताकडेच बघत राहिली. गेल्या मंगळवारी दवाखान्यात तोच हात हातात धरून ती रडली, ते खोटं नव्हतं.

“काका, तो पोचा...”

“त्याचं काय?”

त्यांनी मान वर केली नाही. ते स्क्रू फिरवत होते. गुलाबी टक्कल, त्यावर घामाचे थेंब. आईला अजून त्या डोळ्याने नीट दिसत नाही, आणि ती बाहेर खुर्चीत बसली आहे, टाळ्या वाजवायला.

नीवेसने पोचा पडलेली पुंगळी उचलली. ती तळहातात नीट बसली. आपल्याला राग येईल असं तिला वाटलं होतं; पण आत सगळं शांत होतं, निवांत, जणू हाताने सगळं आधीच ठरवून टाकलं होतं... म्हणजे हात उगारताना असं वाटायचं बाबांना. असं. इतक्या जवळून तिने बाबांना कधीच पाहिलं नव्हतं.

“काका, जरा मागे सरका.”

“का गं? एवढं झालं की...”

“आधी सरका!”

ते हसत मागे सरले. पुंगळी धरून वर उगारलेला तिचा हात मात्र होता तिथेच राहिला, आणि तो खाली कसा आणायचा हे तिला आठवेना.