ओढ्यात रुतलेला रणगाडा

मी रणगाडा बोलतोय. घाबरू नका. माझ्या तोफेच्या तोंडात कुंभारीण माशीने घर केलंय आणि एरिट्रियातल्या अस्मारा शहराच्या कडेला, शेकडो गंजक्या भावंडांच्या ढिगात मी पडून आहे. इथून मी कुठे जात नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

माझा जन्म उरल पर्वतापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथले इंजिनीअर एका मोठ्या युद्धातून शिकून आलेले होते. जो रणगाडा उंच दिसतो तो आधी मरतो, हा त्यांचा धडा. म्हणून त्यांनी मला बुटका केला. लांबलचक इंजिन आडवं बसवून जागा वाचवली. पुढचं चिलखत तिरकं ठेवलं, म्हणजे गोळा आदळला तरी घसरून जावा. थंडीत बॅटरीने दगा दिला तर इंजिन दाबलेल्या हवेवर सुरू व्हावं, म्हणून हवेच्या टाक्याही दिल्या. सगळं जागच्या जागी बसल्यावर जी जागा उरली ती माणसांना दिली.

एक म्हातारा वेल्डर चालकाच्या जागेत बसून बघत म्हणाला होता, "शवपेटीपेक्षा एक सोय जास्त आहे. बसता येतं."

सगळे हसले. मीही त्याला विनोदच समजलो.

मग जहाजातून मसावा बंदरावर उतरलो, आणि बर्फात जन्मलेला मी तांबड्या समुद्राच्या उन्हात तापू लागलो. इथिओपियाच्या सैन्यात मला चालक मिळाला तो गिझाचू. तिथल्याच गोज्जाम प्रांताचा, ताडमाड उंच. सैन्याने उचलण्याआधी तो अबाय नदीच्या खोल दरीच्या घाटात बस चालवायचा.

"गुडघे कुठे ठेवू, कप्तान?" पहिल्या दिवशी त्याने विचारलं.

"घरी ठेवून यायचे होतेस," कप्तान म्हणाला. "मला उंच माणूस नकोच होता. पण घाटात गाडी मागे घेणारा दुसरा मिळेना."

गिझाचूच्या जागेवर एक लोखंडी झाकण होतं. लढाईत ते बंद. मग त्याच्यासाठी जग म्हणजे दोन काचेच्या फटी. आत भट्टी असायची. तो पत्र्याला हात लावायचा नाही, पण बोलायचा मात्र माझ्याशी. "चल बाबा, हे वळण संपलं की देजेन. देजेनला चहा." तिथे ना त्याच्या घाटातलं देजेन गाव होतं ना चहा. होते ते नाकफाचे उघडेबोडके डोंगर, आणि त्यांत दबा धरून बसलेले, इथिओपियापासून सुटू पाहणारे एरिट्रियाचे बंडखोर.

एका धुक्याच्या सकाळी आम्ही ओढ्याच्या काठाने चढाई करत होतो. काठ ढासळला. मी तोंडावर खाली गेलो आणि माझ्यामागून अर्धी दरड आली. एक मोठा धोंडा नेमका चालकाच्या झाकणावर बसला. बुटकं पोट खडकाला टेकलं, त्यामुळे तळातली सुटकेची खिडकीही बंद. धक्क्याने तोफगोळ्यांची मांडणी मोडून गिझाचूच्या पाठीमागे कोसळली आणि घुमटाकडची वाट बुजली. वरच्या घुमटातले तिघे वरून बाहेर पडले.

"गिझाचू, दम धर! माणसं घेऊन येतो!" कप्तान ओरडला.

तो आला नाही. त्याला येता आलं नसेल, असं मी आजही मानतो.

आत गिझाचूने आधी हातांनी ढकललं. मग डोक्याने. मग पाना घेऊन ठोकत राहिला. बाहेरचा गोळा अडवायला घडवलेलं माझं चिलखत आतल्या माणसाच्या मुठी अडवत होतं, आणि मला एक कडीही हलवता येत नव्हती. बऱ्याच वेळाने तो थांबला. आईचं नाव घेऊन एकदा रडला. मग गप्प बसला. ते गप्प बसणं मला ठोकण्यापेक्षा जड गेलं.

दुपारकडे टायरच्या चपलांचा आवाज आला. काठावर ट्रक उभा करून उतरलेली, बंडखोरांच्या दुरुस्तीच्या तुकडीतली दोन माणसं. एक गिलाय, केरेन गावचा जुना लॉरी-मेकॅनिक. दुसरी लेतेब्रहान. तिला सगळे लेते म्हणायचे. पडलेले रणगाडे उचलून डोंगरातल्या लपवलेल्या कार्यशाळेत न्यायचे आणि त्यांच्याच मालकांवर उलटवायचे, हे त्यांचं काम.

लेतेने माझ्या अंगावर पाना वाजवला. आतून पाना वाजला. ती दचकली.

"आत कोण आहे?" तिने गिझाचूच्या भाषेत विचारलं. अस्माराच्या शाळेत तिला ती भाषा सक्तीने शिकवली होती.

"कोणी नाही."

"कोणी नाहीचा आवाज बराच दणदणीत आहे."

मग आतून प्रश्न आला, "मारणार का मला?"

"मारायचं असतं तर मी घरी गेले असते. धुकं निवळलं की तुझीच विमानं येतील."

ते खरं होतं. टाकून दिलेला रणगाडा शत्रूच्या हाती पडू नये, म्हणून त्यावर इथिओपियाचे वैमानिक स्वतःच बॉम्ब टाकत. आत माणूस आहे हे वरून दिसत नाही.

गिलाय घुमटातून डोकावून आला. "गोळे एकमेकांत अडकलेत. एक ओढला तर सगळे हलतील. तिथून तो निघायचा नाही."

"मग रणगाडाच मागे घ्यायला हवा, म्हणजे धोंडा पडेल. ट्रकने ओढू."

"नुसत्या ट्रकने हलेल हा?"

"इंजिनाची साथ मिळाली तर हलेल."

गिलायने माझ्या पाठीखाली वाकून बघितलं. "रेडिएटर फुटलाय. पाणी सगळं वाहून गेलं. असं चालवलं तर इंजिन जळेल. आपण इंजिनासाठी आलोय, लेते. माणसासाठी नाही."

"इंजिन काही बोलत नाही, गिलायदादा. हा बोलतोय."

मी ते ऐकलं. मला बोलता आलं असतं तर म्हटलं असतं, जळू द्या.

"बोलतोय म्हणून काय झालं?" गिलायचा आवाज चढला. "माझा भाऊ अशाच एका रणगाड्याच्या पट्ट्यांखाली गेला. त्याचाही चालक असेल की कोणी. बोलका."

लेते धोंड्याभोवतीची माती हातांनी उकरू लागली. गिलाय दगडावर बसून आभाळाकडे बघत राहिला. धुकं विरळ होत होतं. मग तो उठला, काठावरच्या ट्रककडे गेला आणि जाड तारेचा दोर ओढत परत आला.

"त्याला विचार," तो लेतेकडे न बघता म्हणाला, "हवेच्या टाकीत काही उरलंय का. बॅटरी मेली असणार."

"एका वेळेपुरती आहे," आतून उत्तर आलं. "सुटलो तर पुढे काय?"

"कैदी होशील. मसुराचं कालवण आणि ज्वारीची भाकर. आम्हीही तेच खातो."

"कॉफी?"

"चैन बघा साहेबांची!" लेते म्हणाली, आणि आत तो हसला. लोखंडात कोंडलेल्या माणसाचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्याने गिअर मागे टाकला. हवा सुसाटत माझ्या छातीत शिरली. दट्टे एकदा फिरले, रेंगाळले, पुन्हा फिरले. एका सिलिंडरने ठिणगी धरल्यासारखं खोकून घेतलं. हवा संपत आली. मग दुसरा पेटला, मग तिसरा, आणि मी गरजलो.

वर गिलायने ट्रकने ओढ घेतली. पट्टे खडकावर घासत घसरले. माझ्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. दट्टे फुगत होते, तेल करपत होतं, माझं आतलं सगळं एकमेकाला चावत होतं. गिझाचूला ते कळत होतं. "एवढं वळण, बाबा," तो म्हणत होता, "एवढंच वळण." घाटात बस मागे घेणारा हात होता तो. त्याने मला डावीकडे जरा झुकवलं, पुन्हा सरळ केलं, आणि धोंडा नाकावरून गडगडत खाली गेला.

"थांबव!" लेते पाना वाजवत ओरडली. पण तोवर मी स्वतःच थांबलो होतो. एक किंकाळी फोडून माझं इंजिन कायमचं आवळलं गेलं.

झाकण उघडलं. आधी हात आले, मग डोकं, मग तो उंच देह, घडी घातलेल्या कापडासारखा. त्याला पाय सरळ करता येईनात. ट्रकवरून धावत आलेल्या गिलायने त्याला काखेत धरून खाली घेतलं आणि तोंड फिरवून पाण्याची पिशवी पुढे केली.

तिघे कपारीत पोचतात न पोचतात तोच विमानं आली. ओढा फुटला. दगड माझ्या पाठीवर पावसासारखे पडले, पण नेमका बॉम्ब चुकला. गिझाचू कपारीतून बघत होता.

"ती आमचीच आहेत," तो म्हणाला.

अंधार पडल्यावर मला ओढून कार्यशाळेत नेलं. दुसऱ्या मेलेल्या रणगाड्याचं इंजिन माझ्यात बसवलं. ते बसवताना गिझाचू लेतेच्या हाताखाली होता. दोघं भांडायची. "बसवाल्या, हे काही तिकीट फाडणं नाही!" ती म्हणायची. "आणि तू इंजिन बसवतेस की चूल फुंकतेस?" तो म्हणायचा. गिलाय त्याच्याशी बोलला नाही, पण आपल्या भाकरीतला तुकडा त्याच्या ताटात ठेवायचा.

एक दिवस लेतेने खरंच कॉफी भाजली. त्यांच्या रीतीच्या तीन पेल्यांतला पहिला झाला, दुसरा भरत होती, तेवढ्यात कैद्यांना पलीकडच्या छावणीत हलवायचा हुकूम आला. गिझाचूने उभ्याउभ्या पेला संपवला आणि वाकून माझ्या झाकणावर थाप मारली. पुढे युद्ध संपलं, एरिट्रिया वेगळा देश झाला, कैदी पायी सीमेपार गेले. तो त्यांत होता का, पोचला का, कुणालाच कळलं नाही.

काही वर्षांनी या दोन देशांत पुन्हा युद्ध पेटलं. मला एरिट्रियाच्या बाजूने पुन्हा लढाईत उतरवलं. समोरून माझ्यासारखेच बुटके रणगाडे येत होते. प्रत्येकाच्या दोन काचेच्या फटींमागे कुणीतरी गुडघे मुडपून बसलेला असणार. मी गोळे झाडले. मला नकार देता येत नाही. तशी कळ माझ्यात कुणी बसवलीच नाही.

मग इथे. माझी झाकणं वेल्डिंग करून बंद केली आहेत.

त्या युद्धापासून बंद असलेली सीमा मधे थोडे दिवस उघडली होती. पलीकडून बसगाड्या आल्या, माणसं रस्त्यात गळ्यात पडून रडली. लेते आता साठीकडे झुकली आहे. ती रोज बसस्थानकावर जाऊन गोज्जामच्या माणसांना विचारायची. परतताना इथे थांबायची, माझ्या पट्ट्यावर बसून पाय चोळायची. "आज एक चालक भेटला," एकदा म्हणाली. "त्याला नाव ऐकल्यासारखं वाटत होतं. उद्या चौकशी करून सांगतो म्हणाला."

त्या उद्याच्या आत सीमा पुन्हा बंद झाली.

तिला पलीकडे जाता येत नाही. मला तर कुठेच जाता येत नाही. तुम्ही मोकळे आहात, म्हणून तुम्हाला सांगतोय. कधी गोज्जामकडे गेलात आणि एखादा फार उंच, म्हातारा बसचालक दिसला, तर त्याला नाव विचारा. गिझाचू म्हणाला, तर एवढंच सांगा, की लेते विचारत होती.