मंगळवारचे प्रश्न

कांताबाई सोनवणे दर मंगळवारी मोबाइल कमरेला खोचूनच भाजी चिरायला बसत. आठवड्यातून एकदा, अकराच्या सुमारास, तुरुंगातून अनिरुद्धचा फोन यायचा. दहा मिनिटं झाली की आपोआप बंद पडायचा, वाक्य पुरं होवो न होवो.

अनिरुद्ध त्यांचा एकुलता एक मुलगा. हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये होता, वारज्यात त्याने फ्लॅट बुक केला होता. एका संध्याकाळी पिऊन, अनंत नावाच्या मित्राला घेऊन तो बांधकाम दाखवायला गेला. गेनबा वॉचमनने आत सोडलं नाही. बाचाबाची झाली, अनिरुद्धच्या हाती सळई आली, ती त्याने उगारली आणि गेनबा वाचला नाही. अनंत जामिनावर सुटला, अनिरुद्ध आत राहिला. पाहणारी एकटीच होती, गेनबाची बायको तुळजाबाई. आता पुढच्या महिन्यात तिची साक्ष होती.

कांताबाईंनी तेहतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत मुलं शिकवली होती. त्यांना हे सोसेना. तुळजाबाई मार्केट यार्डात कांदा निवडायला जाते असं कळल्यावर त्या तिला शोधत गेल्या. माफी मागायला तोंड नव्हतं, म्हणून म्हणाल्या, "तुमच्या मुलीला शिकवू द्या मला."

तुळजाबाईने कांदे निवडता निवडता वरही पाहिलं नाही. हातातला कांदा बाजूला टाकून म्हणाली, "शिकवा. पोरीचा काय दोष हाय त्यात?"

तेव्हापासून दर बुधवारी दुपारी त्या बसने मार्केट यार्डामागच्या वस्तीत जाऊन आठ वर्षांच्या सृष्टीला शिकवू लागल्या.

अनिरुद्ध पहिले काही महिने फोनवर डासांबद्दल आणि पातळ डाळीबद्दल बोलायचा. मग एका मंगळवारी त्याने विचारलं, "ती मुलगी कितवीत आहे गं?" बाईंना भरून आलं. शेजारच्या दीपालीला त्या म्हणाल्या, "पश्चात्ताप झाल्याशिवाय कोणी असं विचारत नाही."

"हो का? तुरुंगात संस्कार वर्ग पण भरतात वाटतं आता," दीपाली म्हणाली. बाईंना राग आला. दोन दिवस त्या तिच्याशी बोलल्या नाहीत.

आजही फोन वेळेवर आला.

"आई, जेवलीस?"

"अकरा वाजता कोण जेवतं रे?"

"बरं. सृष्टीला भागाकार जमला का?"

"जमतोय. बाकी लिहायची विसरते."

"तू जातेस तेव्हा तुळजाबाई असते घरी?"

"छे, ती चारला येते. तोवर पोरगी एकटीच."

"एवढ्या गल्ल्यांतून घर सापडतं तुला?"

"न सापडायला काय झालं? पाण्याची टाकी लागली की..."

बाईंची जीभ तिथेच थांबली.

वर्गात अवघड गणित त्या असंच सोडवून घेत. मोठा प्रश्न विचारायचाच नाही. लहान लहान प्रश्न विचारत जायचं, पोर आपसूक उत्तरापाशी येऊन उभं राहतं. अनिरुद्धलाही त्यांनी असंच शिकवलं होतं. मुलगी कितवीत आहे, शाळा कुठली, वस्ती कोणती, आई कामावरून कधी येते. दर मंगळवारी एक-दोन. आणि सगळी उत्तरं त्यांनी हौसेने दिली होती.

"टाकी लागली की काय, आई?"

"काही नाही. ते लोक गावाला गेले."

"कधी?"

"कालच."

"आणि भागाकार कोणाला जमतोय?"

पलीकडे त्याच्या मागे कोणीतरी खाकरलं.

"तुला खोटं बोलता येत नाही, आई," तो हळूच म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं. "उद्या बसने हाल सोसत जाऊ नकोस. अनंतला सांगून ठेवलंय मी. आजपासून तो खालीच असतो."

"अनिरुद्ध, तुम्ही काय करणार आहात तिचं?"

फोन बंद पडला होता.

तुळजाबाईकडे फोन नव्हता. बाईंनी चिरलेली भाजी तशीच ठेवली, चपला घातल्या आणि जिना उतरल्या. पार्किंगमध्ये मोटारसायकलला टेकून अनंत उभा होता.

"काकू, आजच निघालात? बसा, सोडतो."

बाईंनी मनात हिशेब मांडला. बसने गेलं तर हा मागून येणार. घरी बसलं तर उद्या स्वतःच शोधत जाणार.

"चल," त्या म्हणाल्या आणि मागे बसल्या.

"कुठे घेऊ?"

"मी सांगते तसं. आधी डावीकडे."

दोन चौक गेले. त्यांनी पर्स पोटाशी घट्ट धरली. तिसऱ्या चौकात पोलीस चौकी दिसताच त्या म्हणाल्या, "थांब."

"इथे? काकू, इथे काय काम आहे?"

"माझं आहे," असं म्हणून त्या उतरल्या आणि मागे न बघता आत गेल्या.

हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि वही पुढे ओढली. "धमकीची तक्रार म्हणता. कोणाविरुद्ध?"

"अनिरुद्ध सोनवणे. आणि बाहेर उभा आहे तो अनंत."

"अनिरुद्ध आपला कोण?"

"मुलगा. पण लिहायचं मग बघा. आधी तिकडे गाडी पाठवा. मुलगी घरात एकटी असते."

हवालदाराने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि टेबलावरचा फोन उचलला. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल सुरू झाली. बाई धावत दारापर्यंत आल्या. अनंत एका हाताने मोबाइल कानाला लावून मार्केट यार्डाच्या दिशेने वळत होता.

"बाई, पत्ता सांगा," आतून हवालदार ओरडला. "लवकर."