बारावा चमचा

मुलींच्या सुधारगृहात पहाऱ्यावरच्या अधिकारीणबाईंचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बाकी सगळ्यांची ती किल्लीबाई. एकोणीस वर्षं कमरेला जुडगा आणि एकोणीस वर्षांत मोजणीत एकदाही चूक नाही. हे ती स्वतःच सांगायची, कुणी विचारलं नाही तरी.

जेवणघराच्या भिंतीला एक फळी होती. फळीला बारा खिळे, खिळ्याला एकेक चमचा. मुली बारा, चमचे बारा. जेवण झालं की चमचे परत फळीवर, आणि बारावा खिळा भरल्याशिवाय दार उघडायचं नाही. परक्या माणसाला हे खूळ वाटेल. पण चमच्याचा दांडा फरशीवर चार दिवस घासला की त्याचं काय होतं, ते किल्लीबाईने डोळ्यांनी बघितलं होतं. तसला एक टाचणीच्याच गादीखाली सापडला होता, तीन महिन्यांपूर्वी.

टाचणी म्हणजे पंधरा वर्षांची पोरगी, अंगाने काडी नि जिभेने सुई. चुलतभावांच्या नादाने दुकान फोडायला गेली. भाऊ पळाले, ही सापडली. पण त्या चमच्यानंतर सुतासारखी सरळ झाली होती. आता उद्या सकाळी कोर्टात तारीख. तिच्या वागणुकीच्या वहीत नवा शेरा नसेल तर आजी येऊन घरी नेणार होती. पोरीने कपड्यांची पिशवी दोन दिवस आधीच भरून ठेवली होती.

त्या दुपारी चमचे गोळा करायची पाळी टाचणीची. तिने अकरा टांगले. बारावा खिळा रिकामा.

"कुठाय गं?"

"आले तेवढे लावले, बाई."

"आले तेवढे म्हणजे? लग्नाचे पाहुणे आहेत का ते?"

नियमाप्रमाणे दार लावून झडती झाली. बूट काढले, मोजे झाडले, खिसे उलटे केले, गाद्या उलथल्या, टाचणीची भरलेली पिशवी ओतली, मोरीची जाळीसुद्धा उचलून बघितली. चमचा नाही. सगळ्यांत धाकटी बारकी तेवढी जेवण अर्धं टाकून, तापाने फणफणून आजाऱ्यांच्या खोलीत झोपली होती, तिला कोण उठवणार. बाकी दहाजणी टाचणीकडे बघायला लागल्या. एकदा नाव कानफाट्या पडलं की पडलं.

"आत्ता दे," किल्लीबाई हळू आवाजात म्हणाली. "आत्ता दिलास तर माझ्या तोंडून शब्द बाहेर जाणार नाही."

"नसलेला कुठून देऊ?"

"उद्या आजी येणार ना तुझी?"

"म्हणून तर नाही घेतला." पोरीने मान वर केली. "लिहा तुम्ही. तुमची मोजणी कुठे चुकते."

हे झोंबलं. आणि झोंबलं म्हणूनच किल्लीबाईने लगेच टाचणीची वही ओढली. नियम होता हे खरं, पण नियमाला संध्याकाळपर्यंत दम धरता आला असता. 'चमचा एक कमी. संशय हिच्यावर.' खाली ठसठशीत सही. सुधारगृहाचे साहेब म्हणाले, पाच वाजता कोर्टाचं टपाल जातं, त्यात नक्कल पाठवतो.

तीनला पाळी संपली. घरी येऊन तिने गणवेशाचा कोट सुनेकडे धुवायला टाकला आणि पाय सोडून बसली. थोड्या वेळाने न्हाणीघरातून आवाज आला.

"आई, सरकारी चमचेही घरी यायला लागले का आता?"

सुनेच्या हातात ओला रुमाल, रुमालात चमचा. दांड्याला खिळ्याचं भोक, औषधाचा चिकट गुलाबी डाग.

डाग बघताच किल्लीबाईला दुपार आठवली. जेवताना बारकी खोकत होती. बाटलीचं माप हरवलेलं. मग बारकीच्याच ताटातला चमचा उचलून तिला औषध पाजलं, रुमालाने पुसला आणि घरी नातवाचा ठेवते तसा खिशात टाकला. शेजारी किल्ल्या खणखणतच असतात, त्यात चमच्याचं कोण ऐकणार. आणि झडती सगळ्यांची झाली. घेणारीची कोण घेणार?

"काखेत कळसा..." सून हसत म्हणाली.

"पुढचं मला येतं. कोट दे."

"अर्धा ओला केलाय, आई."

"अर्धा कोरडा आहे ना."

पाचला वीस मिनिटं असताना ती फाटकात पोचली. साहेब लिफाफा चिकटवत होते. माणूस सज्जन, पण भांडणाला भिणारा.

"सापडला? बरं झालं," ते म्हणाले. "मोरीमागे मिळाला असं लिहू. कुणाचंच नाव नको. तुमची एकोणीस वर्षं कोरी आहेत, बाई. वरची जागा पुढच्या महिन्यात भरायची आहे."

खोटं कशाला बोला, बसमध्ये तिच्याही मनात हेच येऊन गेलं होतं.

"मोरीमागे म्हटलं की जजसाहेब विचारणार, टाकला कुणी. मग पोरीने काय सांगायचं?"

"मग काय लिहू?"

"तुम्ही नका लिहू. घाण मी केली, पुसतेही मीच."

तिने शेरा खोडला आणि खाली लिहिलं: 'चमचा माझ्या खिशात होता. मुलीचा दोष नाही. मोजणी माझी चुकली.' शेवटचं वाक्य लिहायला तिला आधीच्या दोन्हींपेक्षा जास्त वेळ लागला. नवी नक्कल डोळ्यांदेखत लिफाफ्यात घालून घेतली, लिफाफा टपालवाल्याच्या हातात पडेपर्यंत हलली नाही, आणि मग जेवणघरात गेली.

मुली अभ्यासाला बसल्या होत्या. तिने दार आतून लावलं, बाराव्या खिळ्याला चमचा टांगला.

"माझ्या खिशात होता," ती म्हणाली. "शेरा खोडला. तसंच कोर्टाला कळवलंय."

टाचणीचे डोळे सुजले होते. ती चमच्याकडे बघत राहिली, मग बाईकडे.

"दार लावलंय ना, बाई?"

"लावलंय."

"मग नियम आहे. खिसे उलटे."

किल्लीबाईने जुडगा टेबलावर ठेवला आणि ओल्या कोटाचे दोन्ही खिसे बाहेर ओढले. बसचं तिकीट पडलं, खोकल्याची अर्धी गोळी पडली.

"बूट पण काढू?"

"राहू द्या. वाकवणार नाही तुम्हाला."

"जीभ तेवढी सुधारली नाही गं तुझी."

"ती उद्या आजीकडे नेते," टाचणी म्हणाली आणि डोळे पुसत पिशवी पुन्हा भरायला उठली.

किल्लीबाईने दार उघडून दिलं. खिसे आत घालायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही.