काजळीचे टाके

“हा कर्णा काढायचा नाही, कितीही केविलवाणं तोंड केलं तरी,” काजळीच्या गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर अडकवत जनावरांच्या दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या.

“कोणी, तिनं?”

“तिनंही आणि तुम्हीही, आजोबा. दहा दिवस टाके चाटायचे नाहीत, उड्या नाहीत. उसवले तर पुन्हा भूल द्यावी लागेल. या वयात ते बरं नाही.”

नसबंदी मीच लांबवली होती. काजळी आमच्या हिची कुत्री. ही गेल्यावर तिच्याबद्दल काही ठरवायचा धीरच होईना.

चाळीस वर्षं मी पुस्तकांची बांधणी केली. काजळीच्या पोटावरची शिवण पाहिली. माझ्या हाताला इतकी सफाई कधी आली असेल, असं वाटत नाही.

घरी येताच ती हिच्या कॉटकडे निघाली. ही गेल्यापासून आठ महिने मी त्यावरच्या चादरीला हात लावला नव्हता. कॉटभोवती दोन खुर्च्या लावल्या आणि शेजारी वाचत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मान वर केली तर काजळी कॉटवर, आणि चादरीवर रक्ताचा ठिपका.

फोनवर नर्सबाईंनी विचारलं, “पुस्तकात डोकं होतं ना?”

“हो.”

“टाके मोजा.”

मोजले. सातही जागेवर होते.

“एखादा थेंब येतो. पण पुन्हा उडी नको. आणि खाली स्वच्छ, धुतलेलं अंथरूण घाला.”

मग लेकीला फोन लावून सगळं सांगितलं.

“बाबा, गादी जमिनीवर घ्या की.”

“आईची आहे ती.”

“आई असती तर पहिल्याच दिवशी घेतली असती. तुमच्यासारखी खुर्च्या मांडत बसली नसती.”

मी फोन ठेवला आणि खुर्च्या बाजूला केल्या.

काजळीला दोन्ही हातांनी अलगद खाली उतरवलं. गादी ओढून जमिनीवर घेतली. चादर नाकाशी धरली, जरा जास्तच वेळ, आणि बादलीत बुडवली.

ऊन चांगलं होतं. तासाभरात चादर वाळली. अंथरल्यावर काजळीनं कर्णा खरखरवत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगली. साबणाशिवाय कसलाच वास नव्हता. ती माझ्याकडे बघत राहिली. मी नजर चुकवली.

शेवटी तिनं एक गिरकी घेतली आणि गादीच्या मधल्या खळग्यात, हिच्या जागी, बेतानं अंग टाकलं.

मी पुस्तक शेल्फावर ठेवलं आणि टाके दिसतील असा जमिनीवर बसलो.