तारासचं सप्टेंबरातलं डोकं

आमच्या आइस हॉकीच्या संघात मी राखीव गोलरक्षक आहे. म्हणजे हंगामभर डोक्यावर टोपी घालून बाकाच्या टोकाला बसायचं आणि खेळाडू आत-बाहेर करतील तसं बर्फाकडचं दार उघडायचं, लावायचं. माझ्या दाराबद्दल आजवर कुणाची तक्रार नाही.

तारास हनातिव हा आमचा सगळ्यात चांगला आघाडीचा खेळाडू. आम्ही दोघं एकाच भाड्याच्या घरात राहतो.

सप्टेंबरात, हंगाम सुरू व्हायच्या आधी, प्रत्येकाच्या डोक्याची परीक्षा होते. डोकं शाबूत असताना किती चालतं, ते मोजून ठेवतात. पुढे डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा. तेवढेच मार्क पडले तर खेळ, फरक पडला तर बस. व्यवस्था चांगली आहे. तिच्यात खोट एकच, ती म्हणजे आम्ही. सप्टेंबरात मुद्दाम मठ्ठपणा करायचा, म्हणजे पुढे खरोखर मठ्ठ झालो तरी कुणाला फरक दिसत नाही. आमच्या कॅनडातल्या सस्कॅचेवानात पोरांना हे स्केटच्या नाड्या बांधायला शिकवतात त्याच सुमारास शिकवतात.

बाकीचे बेताबेताने चुकतात. तारासला बेताने काही जमत नाही. संघाच्या डॉक्टर ग्रेटा स्वेनसन यांनी त्याला डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला सांगितले. तो मंगळवारपासून निघाला, दोन भाज्या ओलांडल्या आणि विनिपेगला जाऊन थांबला. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले, त्याने सात परत केले, त्यातला एकही बाईंचा नव्हता. एका पायावर उभा राहा म्हटल्यावर त्याने विचारलं, "कुणाच्या?" माझा नंबर त्याच्यामागे होता, म्हणून मी हे सगळं ऐकलं. बाईंनी चष्मा पुसला आणि त्याला एक केळं दिलं.

मग एप्रिल आला. उपांत्य फेरी, सहावा सामना. समोरच्या संघातल्या एका धिप्पाड गड्याने तारासला कडेच्या फळीवर असा आपटला की वरच्या रांगेतल्यांची कॉफी सांडली. तारास उठला, अंग झटकलं आणि शांतपणे जाऊन त्यांच्या बाकावर बसला. त्यांनी सरकून जागा दिली. एकाने पाण्याची बाटली दिली. त्यांच्या कोचने न बघताच पाठीवर थाप मारून त्याला बर्फावर पाठवला, आणि तारासने आमच्याच माणसाकडून चकती हिसकावली. पंचांनी डोकी मोजली तेव्हा प्रकार उघडकीला आला. जादा माणूस उतरवल्याबद्दल त्यांना दोन मिनिटांची शिक्षा झाली, त्या दोन मिनिटांत आम्ही गोल मारला आणि सामना जिंकलो. मालिका बरोबरीत आली. सातवा, निकालाचा सामना रविवारी दुपारी.

शनिवारी सकाळी तारासची परीक्षा झाली. दिवे मंद केले होते. त्याने महिने अडखळत का होईना, पण डिसेंबरपासूनच म्हटले. पाचातले दोन शब्दही सांगितले.

"सप्टेंबरपेक्षा कितीतरी बरं," बाई म्हणाल्या.

"म्हणजे खेळू दे," आमचे कोच लिंडक्विस्ट म्हणाले.

"नाही. फरक पडलाय."

"अहो, चांगला पडलाय ना!"

"फरक तो फरक. डोक्यात काहीतरी हललंय. ते जागेवर येईपर्यंत हा बसेल. उद्या सकाळी पुन्हा बघते."

"जागेवर आलं, हे कसं कळणार?"

"मंगळवारपासून सुरू करेल तेव्हा."

कोचने मला कोपऱ्यात घेतलं. "पेली, तू राहतोस ना याच्याबरोबर? उद्यापर्यंत याला पहिल्यासारखा मठ्ठ कर."

"प्रयत्न करतो, कोच."

"प्रयत्न नको. तुझ्यावर माझा त्याबाबतीत पूर्ण विश्वास आहे."

घरी आल्यावर तारास भांड्यांच्या सिंकमध्ये ओकला. मग काळा चष्मा लावून बसला आणि मला विचारलं, "फ्रिज दुरुस्त करायला तुम्हीच येणार होतात का?"

"अरे, मी पेली."

"हां. पेली, साल्या, सप्टेंबरात मी काय काय बोललो होतो रे? मला एक अक्षर आठवत नाही. तू होतास ना तिथं?"

"होतो."

"मग सांग ना. सातवा सामना आहे, लेका. पुन्हा कधी मिळेल काय माहीत."

बोलता बोलता तो टोस्टला लोणी लावत होता. टोस्ट बशीत होता. लोणी तळहातावर जात होतं. मनगटापर्यंत आलं तेव्हा मी तोंड उघडलं.

"तू म्हणालास, डिसेंबर."

"मग?"

"नोव्हेंबर."

"मग ऑक्टोबर? इतकं सोपं?"

"घाईत होतास तेव्हा."

"आणि एका पायावर?"

"उभा राहिलास. स्वतःच्या."

"मठ्ठपणाच्या मानाने फार नीटनेटकं वाटतंय रे."

"म्हणून तर कुणाला संशय आला नाही."

जेवणापर्यंत मी त्याच्याकडून घोकून घेतलं. तो विसरायचा, मी पुन्हा सांगायचो. इतका मन लावून अभ्यास त्याने शाळेत केला असता तर आज हॉकीत नसता.

रविवारी सकाळी त्याने कोचकडे बघून डोळा मारला आणि बारा महिने धडाधड म्हणून दाखवले. एका पायावर उभा राहिला. पाचही शब्द सांगितले. बाईंचे शब्द दर वेळी तेच असतात, ते मी त्याला आदल्या दिवशी पाठ करून दिले होते.

बाईंचा चेहरा उतरला. "कालच्यापेक्षा बिघडलंय. हा आता या हंगामात खेळणार नाही."

कोच माझ्याकडे वळले. "काय शिकवलंस तू याला?"

"मी गोलरक्षक आहे, कोच. शिकवायची सवय नाही."

त्यांनी माझ्याकडून दाराचं काम काढून घेतलं. तीन-दोनने हरलो.

संध्याकाळी तारास पडदे ओढून पडला होता. "काय झालं रे?" हरलो म्हणून सांगितलं. ढसाढसा रडला. थोड्या वेळाने मान उचलून म्हणाला, "काय झालं रे सामन्याचं?" सांगितलं. पुन्हा तितकाच रडला, जराही कमी नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणालो, "जिंकलो."

"मी खेळलो?"

"दोन गोल मारलेस."

त्याने समाधानाने डोळे मिटले. तेवढ्यात गावाहून त्याच्या आईचा फोन आला. या बाईंनी मुलाचा एकही सामना टीव्हीवर चुकवलेला नाही.

"आई, जिंकलो आपण! दोन मारले मी!"

पलीकडून आवाज आला, "बघितलं रे बाळा. छान मारलेस. आता झोप, आणि त्या पेलीला दे फोन."

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

"त्याला बसवलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"मी."

"बरं केलंस." त्यांनी नाक ओढलं. "हे बघ, दोनच सांगितलेस होय? त्याच्या मावशीला मी तीन सांगून बसलेय. उद्या ती फोन करेल त्याला. तेवढं सांभाळून घे."