मोजा घातलेली बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे आणि शेवटी मला मोजा घालतात. पण मित्रांनो, हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मला अजून कोणीही मोजा घातलेला नाही.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. बुडाशी एक बुडबुडा राहून गेला, तीच माझी जन्मखूण. आधी माझ्यात कॉफी होती, मग बटणं, मग चार वर्षं नुसती हवा. हवा सांभाळण्याचं कामही मी मन लावून केलं. कौतुक कोणी केलं नाही, पण थेंबभर हवा सांडली असेल तर शपथ.

मग घरातल्या आजोबांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. कडक टोस्ट म्हणजे त्यांचा जीव की प्राण, तोच सुटला. डॉक्टर म्हणाले, सी जीवनसत्त्व कमी पडतंय, फळं खा. पण चावणार कसं? तेव्हा सूनबाईंनी पेरूच्या पातळ चकत्या सावलीत वाळवल्या, कुटल्या, चाळल्या आणि ती गुलाबी पूड माझ्यात भरली. रोज एक चमचा, गार पाण्यातून.

पूड इतकी देखणी, की सूनबाईंनी मला थेट उन्हाच्या खिडकीत बसवलं. शेजारणी थबकायच्या. "अगंबाई, काय रंग आहे!" मी फुलून गेले. दोन महिने गेले. पूड फिकट पडली आणि आजोबांचा टोस्ट बशीतच सादळत राहिला.

त्यांना तपासायला आलेल्या नर्सबाईंनी मला उचललं.

"ताई, हे खायला आहे की दाखवायला?"

"खायलाच! पण दिसतं किती छान," सूनबाई म्हणाल्या.

"अहो, उन्हात सी जीवनसत्त्व टिकत नाही."

"म्हणजे दोन महिने सूर्यच खात होता?" आजोबा म्हणाले. "तरीच मेला इतका टवटवीत दिसतो."

सगळे हसले. मी नाही. ऊन माझ्याच अंगातून आत शिरलं होतं. आरपार दिसणं हा माझा एकुलता एक गुण, आणि तोच आजोबांच्या मुळावर आला होता.

सूनबाईंनी पुन्हा पेरू वाळवले. घट्ट झाकणाची मी एकटीच, म्हणून नवी पूडही माझ्यातच आली, आणि उजेड अडवायला आजोबांनी जोडीदार हरवलेला काळा लोकरीचा मोजा पुढे केला.

"बाबा, धुतलेला आहे ना?"

"आठवून सांगतो."

सूनबाईंनी तो दोनदा धुतला, वाळवला, मला चढवला आणि मला कपाटात आत सरकवलं.

आता मला कोणी बघत नाही. पण परवा सकाळी दाराआडून आवाज आला. कुडुम. थोड्या वेळाने पुन्हा, कुडुम. टोस्ट! अंधारात उभ्या उभ्या मी नर्सबाईंचे, मोज्याचे आणि विशेषतः दुसऱ्या धुण्याचे आभार मानले.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी देखणी पूड खिडकीत बसली असेल, तर तिला आधी अंधारात न्या. माझं ऐका, कौतुकाविना जगता येतं.

सबब, माननीय सूर्य यांना नम्र विनंती, की त्यांनी आमच्या खिडकीत यापुढे फळांची पूड वगळून पडावे, आणि चुकून सेवन केलेले दोन महिन्यांचे सी जीवनसत्त्व महिनाअखेरपर्यंत, शक्यतो गुलाबी रंगासह, कपाटाच्या पत्त्यावर परत पाठवावे. कळावे.